शीतप्रकाशाची उपकरणे आणि कामगार



व्याख्यानमालेच्या पत्रकात माझे नाव आणि त्यापुढे हा विषय पाहून आपल्यापैकी काहींना छापखान्याची चूक झाली असे वाटले असेल. कामगार संघटनेत उभे आयुष्य घालवलेल्या माणसाने बोनसवर बोलावे, कंत्राटी पद्धतीवर बोलावे. प्रयोगशाळेतील यंत्रांशी त्याचा काय संबंध? मी कॉलेजची पायरी चढलेलो नाही. दहावी झाल्यावर कारखान्यात लागलो. जे थोडेफार विज्ञान मला कळते ते सार्वजनिक वाचनालयातील पुस्तके, रात्रपाळीतील रिकामे तास, आणि कितीही प्रश्न विचारले तरी न रागावणारे दोन-तीन प्राध्यापक ह्यांच्या कृपेने. तरीसुद्धा हा विषय मी चालकांकडून मागून घेतला. का, ते सांगतो.

प्रेसमध्ये कामगाराचे बोट गेले तर ते साऱ्या खात्याला दिसते. रक्त दिसते, पंचनामा होतो, भरपाई कमी की जास्त एवढाच वाद उरतो. पण काही इजा अशा असतात की त्या होताना दुखत नाहीत, दिसत नाहीत, आणि समजतात तेव्हा दहा वर्षे उलटून गेलेली असतात. अशा इजेबद्दल कामगार बोलू लागला तर ती 'तक्रार' ठरते. तीच गोष्ट कोणी मोजून दाखवली तर तिला 'पुरावा' म्हणतात. तक्रार आणि पुरावा ह्यांच्यामध्ये एक उपकरण उभे असते. आज ज्या उपकरणांची मी ओळख करून देणार आहे ती अतिशय मंद प्रकाश पकडणारी उपकरणे आहेत, आणि त्यांचा आमच्या माणसांशी फार जवळचा संबंध आलेला आहे.

प्रथम हा प्रकाश कोणता ते पाहू. लोखंड तापवले की लाल होते, दिव्याची तार तापली की पांढरी होते. हा उष्णतेचा प्रकाश. पण काजवा तापत नाही. ट्यूबलाइटच्या आतला पांढरा लेपही आगीसारखा तापून प्रकाशत नाही. पदार्थाला दुसरीकडून शक्ती मिळते आणि ती तो प्रकाशाच्या रूपाने परत करतो. शास्त्रीय पुस्तकांत ह्याला ल्युमिनेसन्स म्हणतात. आपण आज त्याला शीतप्रकाश म्हणू. इटलीतील बोलोन्या गावच्या व्हिन्सेन्झो काशारोलो नावाच्या एका चांभाराने १६०२-०३ च्या सुमारास डोंगरातला एक जड दगड कोळशाबरोबर भाजला. त्यातून सोने निघेल अशी त्याची आशा होती. सोने निघाले नाही. पण उन्हात ठेवलेला तो भाजका दगड अंधारात नेल्यावर निखाऱ्यासारखा प्रकाशू लागला. पुढे कितीतरी पंडितांनी त्या दगडावर लिहिले. ह्या शास्त्राच्या आरंभी एक हाताने काम करणारा माणूस उभा आहे, हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुस्तकांत ते एका ओळीत उरकतात.

अशा पदार्थांचा अभ्यास करणाऱ्या एका प्रयोगशाळेत मला काही वेळा जाऊ दिले. जाताना मला वाटले होते की सारे झगझगीत असेल. पाहतो तो सुरुवातीची खोली एखाद्या वैद्याच्या कोठीसारखी! अकीकाचे खल, पांढऱ्या चिनीमातीच्या मुशी, तराजू, आणि हजार-बाराशे अंशांपर्यंत तापणारी मफल भट्टी. शुद्ध द्रव्य घ्यायचे, त्यात दुसऱ्या धातूचा अंश हजारात एक भागाहूनही कमी मिसळायचा, तासन् तास खलायचे आणि भाजायचे. जस्ताच्या सल्फाइडात तांब्याचा असा लेशभर अंश गेला की हिरवा प्रकाश मिळतो. पण चुकून लोखंडाचा गेला तर प्रकाश मरतो. म्हणून तिथे लोखंडाची सळई भांड्याजवळ नेत नाहीत आणि भांडी धुणाऱ्या मदतनीसाचा हात प्रोफेसरांच्या हाताइतकाच महत्त्वाचा असतो. निबंधावर त्याचे नाव मात्र मला कधी आढळले नाही. अकीकाचा विषय निघाला म्हणून एवढेच सांगतो की हा दगड कठीण, झिजून द्रव्यात मिसळत नाही, म्हणून तो खलाला वापरतात. आणि तोच दगड घासणाऱ्या खंभातच्या कारागिरांच्या छातीत त्याची धूळ बसून सिलिकोसिस होतो. असो.

खरा अभ्यास पुढच्या खोलीत. तिला खिडक्या नाहीत, भिंती काळ्या. एका बाजूस जंबुपार किरण देणारा दिवा. त्याच्या प्रकाशातून एकच रंग निवडून घेण्यासाठी मोनोक्रोमेटर नावाची पेटी: आत अतिशय बारीक समांतर रेघा ओढलेली एक पट्टी असते आणि ती फिरवली की एकेक रंग फटीतून बाहेर येतो. सीडीची तबकडी उन्हात धरली की रंग दिसतात, तसाच हा प्रकार. तो निवडलेला रंग पदार्थावर टाकायचा. पदार्थातून जो प्रकाश निघतो तो काटकोनात ठेवलेल्या दुसऱ्या तशाच पेटीत घ्यायचा. काटकोनात अशासाठी की दिव्याचा प्रकाश सरळ आत घुसून साक्ष बिघडवू नये. दिलेल्या प्रकाशापेक्षा परत मिळणारा प्रकाश बहुधा तांबड्या बाजूला सरकलेला असतो, हे इंग्लंडच्या स्टोक्सने १८५२ साली दाखवले. पदार्थ घेतो जास्त आणि देतो कमी. मधला फरक उष्णतेत जातो.

पण दिवा बंद केल्यावर हा प्रकाश किती वेळ टिकतो? बोलोन्याचा दगड बराच वेळ प्रकाशतो, पण कित्येक पदार्थांचा प्रकाश डोळ्याची पापणी लवण्याच्या कितीतरी आधी विझतो. तो कसा मोजावा? ह्यावर फ्रान्सच्या एदमाँ बेकेरेलने १८५८ च्या सुमारास जी युक्ती केली ती पाहून कुठल्याही फिटरचे मन प्रसन्न व्हावे. एकाच आसावर दोन चकत्या, दोन्हींना भोके, पण एकीची भोके दुसरीच्या भोकांसमोर नाहीत. मध्ये पदार्थ. हँडल फिरवले की एका चकतीच्या भोकातून पदार्थावर ऊन पडते, तेव्हा पाहणाऱ्याची बाजू बंद असते. क्षणात ऊन बंद होते आणि पाहणाऱ्याचे भोक समोर येते. जितके जोरात फिरवाल तितका विझण्यापूर्वीचा प्रकाश सापडेल. सेकंदाच्या दहा हजाराव्या भागापर्यंतचा काळ ह्या हाताने फिरवायच्या यंत्राने मोजता येऊ लागला. विजेची मोटर नाही, काही नाही. दातेरी चाके आणि डोके!

ह्या सगळ्या यंत्रांच्या शेवटी पाहणारा लागतो, आणि पुष्कळ वर्षे तो पाहणारा म्हणजे माणसाचा डोळा होता. १९०३ मध्ये क्रूक्सने जस्ताच्या सल्फाइडाच्या पडद्यासमोर रेडियमचा कण ठेवून भिंगातून पाहिले, तेव्हा पडद्यावर एकेक ठिणगी उडताना दिसली. मँचेस्टरला रदरफर्डच्या हाताखाली गायगर आणि मार्सडेन ह्यांनी अशा ठिणग्या मोजल्या. आधी डोळे अंधाराला सरावेपर्यंत बसून राहायचे, मग सूक्ष्मदर्शकातून मोजायचे, थोड्या वेळात डोळे थकतात म्हणून थांबायचे, पुन्हा मोजायचे. एक लाखाहून अधिक ठिणग्या अशा मोजल्या गेल्या आणि अणूच्या पोटात केंद्र असते हे ठरले. आम्ही ह्याला डोळ्यांची अंगमेहनत म्हणू.

परंतु डोळा थकतो, तसाच तो धन्याचे मनही ओळखतो. १९२० नंतर व्हिएन्नाच्या रेडियम संस्थेत ठिणग्या मोजायला पगारी स्त्रिया होत्या. त्यांचे आकडे केंब्रिजच्या आकड्यांशी जुळेनात. वर्षानुवर्षे वाद चालला. अखेर १९२७ च्या डिसेंबरात केंब्रिजचे चॅडविक व्हिएन्नाला गेले आणि मोजणाऱ्यांना काय अपेक्षित आहे ते न सांगता त्यांनी मोजणी करवली. आकडे केंब्रिजसारखे आले! त्या बायका खोटे बोलत नव्हत्या. साहेबांना किती हवे आहे हे त्यांना ठाऊक होते, आणि अंधारात अंधूक ठिणगी दिसली की नाही हे ठरवताना ते मनात येणारच. ज्याने कधी इन्स्पेक्शन खात्यात काम केले आहे त्याला हे वेगळे समजावून सांगायला नको.

डोळ्याची जागा घेणारी वस्तू म्हणजे फोटोमल्टिप्लायर नळी. काचेची, आतून निर्वात. तोंडाशी एक पातळ लेप. त्यावर प्रकाशाचे चार-पाच कण पडले तर एखादा इलेक्ट्रॉन सुटतो. आत एकामागे एक आठ-दहा पत्रे, प्रत्येकावर आधीच्यापेक्षा अधिक विद्युत्दाब. तो एकटा इलेक्ट्रॉन पहिल्या पत्र्यावर आदळून तीन-चार इलेक्ट्रॉन बाहेर काढतो, ते पुढच्या पत्र्यावर जातात, आणि शेवटच्या पत्र्यापर्यंत संख्या दहा लाखांच्या घरात पोचते. एका खात्यातला एक माणूस उठला की संध्याकाळपर्यंत गेटवर किती जमतात, हे आम्ही पाहिलेले आहे! १९४४ साली करन आणि बेकर ह्यांनी जस्ताच्या सल्फाइडासमोर ही नळी बसवली आणि अंधाऱ्या खोलीत बसणाऱ्या डोळ्याला सुटी मिळाली. ही नळी नाजूक असते. दाब चालू असताना तिच्या पेटीचे झाकण उघडून खोलीतला साधा उजेड आत गेला तरी ती कामातून जाऊ शकते. जी वस्तू मंद प्रकाश पाहू शकते तिला दिवसाचा उजेड सोसत नाही.

आता ह्या उपकरणांकडून एकदम कामगारांकडे येतो, म्हणजे अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातल्या ऑरेंज ह्या गावी. पहिल्या महायुद्धाच्या काळात तिथे घड्याळांच्या तबकड्यांवर अंधारात चमकणारे आकडे रंगवण्याचा कारखाना निघाला. रंगात जस्ताचा सल्फाइड आणि रेडियम. क्रूक्सच्या भिंगाखाली ज्या ठिणग्या उडाल्या त्याच इथे आकड्यांत उडत होत्या. रंगवणाऱ्या बहुतेक तरुण मुली, मजुरी नगावर. बारीक आकड्यासाठी कुंचल्याला टोक हवे, म्हणून तो ओठांत धरून टोक काढायचे, रंगात बुडवायचे, आकडा रंगवायचा. पाण्यात धुतला तर महागडा रंग वाया जातो आणि वेळही जातो. नगावर मजुरी असलेल्या माणसाला वेळ घालवणे परवडत नाही. रंग बनवणारे रसायनतज्ज्ञ रेडियम हाताळताना चिमटे आणि शिशाचे आडोसे वापरत. मुलींना ते निरुपद्रवी आहे असे सांगितले गेले.

काही वर्षांनी दात पडू लागले, जबड्याची हाडे कुजू लागली. १९२२ मध्ये अमेलिया मॅगिया नावाची मुलगी मेली. मृत्यूच्या दाखल्यावर कारण लिहिले गेले गर्मीचा रोग. मेलेल्या मुलीच्या अब्रूवरही डाग.

१९२४ साली कंपनीनेच हार्वर्डच्या सेसिल ड्रिंकर ह्यांना तपासणीला बोलावले. त्यांनी वापरलेले एक उपकरण साऱ्या जगात सर्वांत स्वस्त आहे. ते म्हणजे अंधारी खोली. मुलींना तिथे नेले तेव्हा त्यांचे केस, चेहरे, हात, मान, इतकेच काय अंगातले आतले कपडेही चमकत होते. ह्याहून स्पष्ट साक्ष ती कोणती? ड्रिंकरांनी अहवाल कंपनीला दिला. कंपनीने राज्याच्या कामगार खात्याकडे त्याचा असा गोषवारा पाठवला की मुली ठणठणीत आहेत असे दिसावे. ड्रिंकरांना हे डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन ह्यांच्याकडून कळले, आणि दाव्याची धमकी असतानाही १९२५ मध्ये त्यांनी मूळ अहवाल प्रसिद्ध केला. मोजमाप झाले होते, अहवाल लिहिला गेला होता, आणि तरी वर्षभर तो कपाटात होता. मला ह्या सबंध कथेत हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

त्याच वर्षी तेथील सरकारी वैद्यकीय तपासनीस हॅरिसन मार्टलंड ह्यांनी विद्युत्दर्शक आणला. सोन्याच्या पातळ पानाला विजेचा भार दिला की ते उभे राहते. जवळ रेडियमचे किरण असतील तर भार निसटतो आणि पान मिटते. किती वेळात मिटते ते घड्याळावर पाहायचे. मुलींचा श्वास त्या उपकरणाकडे नेला आणि पान मिटू लागले. ज्या बाईच्या श्वासात रेडियमचा वायू आहे तिच्या हाडांत रेडियम आहे. आता त्याला नुसती तक्रार म्हणता येईना. हा रंग शोधणारे फॉन सोकोकी मार्टलंडना मदत करत होते. त्यांच्या स्वतःच्या श्वासाचीही तपासणी झाली, तीत रेडियम सापडले, आणि १९२८ साली तेही गेले. १९२७ च्या ऑक्टोबरात अमेलियाचे प्रेत उकरून तिची हाडे अंधारात फोटोच्या फिल्मवर ठेवली. पाच वर्षे जमिनीत असलेल्या हाडांनी फिल्मवर आपले चित्र उमटवले. दाखल्यावरचा डाग असा पुसला गेला.

ग्रेस फ्रायर आणि तिच्या चार मैत्रिणींनी दावा लावला तेव्हा कंपनीने दोन वर्षांच्या मुदतीचा मुद्दा काढला: इजा झाल्यावर दोन वर्षांत का आला नाहीत? ज्या इजेला प्रकट व्हायलाच पाच-सात वर्षे लागतात तिला दोन वर्षांची मुदत! अखेर १९२८ च्या जूनमध्ये तडजोड झाली. प्रत्येकीला १०,००० डॉलर, दरसाल ६०० डॉलर आणि औषधोपचाराचा खर्च. पुढे इलिनॉय राज्यात ओटावा गावच्या कॅथरिन डोनोह्यू हिने दिलेला लढा १९३८ मध्ये तेथील औद्योगिक आयोगाने तिच्या बाजूने निकालात काढला. त्याच वर्षी ती वारली. ह्या स्त्रियांच्या शरीरांवर केलेल्या मोजमापांतूनच १९४१ मध्ये माणसाच्या अंगात जास्तीत जास्त किती रेडियम चालेल ह्याची मर्यादा ठरली: एका ग्रॅमच्या एक कोटीव्या भागाइतकी. त्या तबकड्यांतला जस्ताचा सल्फाइड किरणांच्या माऱ्याने काही वर्षांत निकामी झाला आणि आकडे विझले. रेडियम अर्धे व्हायला मात्र सोळाशे वर्षे लागतात.

ह्यानंतर शीतप्रकाशाचे शास्त्र पहारेकऱ्याच्या कामाला लागले, आणि ती गोष्ट थेट आपल्या घराशी येते. १६६३ साली रॉबर्ट बॉइलने एक हिरा अंथरुणात नेऊन अंगाच्या उबेला धरला, तेव्हा तो मंद प्रकाशला. काही स्फटिकांत बारीक दोष असतात. किरणांच्या आघाताने सुटलेले इलेक्ट्रॉन ह्या दोषांत अडकून पडतात, रस्त्यावरच्या खड्ड्यांत पावसाचे पाणी साचावे तसे. महिनोन् महिने साचून राहतात. स्फटिक तापवला की ते निसटतात आणि निसटताना प्रकाश देतात. जितका मारा झाला तितका प्रकाश. १९५० च्या दशकात अमेरिकेतील फॅरिंग्टन डॅनियल्स ह्यांनी हे किरणांची मात्रा मोजण्यासाठी वापरावे असे सुचवले. म्हणजे असा एक खडा की जो कामगाराच्या छातीवर गप्प बसेल आणि महिनाअखेर सारे सांगेल.

आपल्याकडे तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने ह्यासाठी निवडलेला पदार्थ आहे कॅल्शियम सल्फेट. आपल्या गणपतींच्या मूर्ती ज्या प्लास्टरच्या होतात त्याचेच हे भावंड, त्यात डिस्प्रोझियम धातूचा लेश. हे चूर्ण टेफ्लॉनमध्ये दाबून नाण्याएवढ्या तीन पातळ चकत्या करतात आणि ॲल्युमिनियमच्या पट्टीवर बसवतात. बिल्ल्यात एका चकतीसमोर धातूचा पडदा, दुसरीसमोर प्लास्टिकचा, तिसरी उघडी. तिघींची साक्ष ताडून किरण कोणत्या जातीचे होते ते कळते. १९७५ पासून फोटोच्या फिल्मच्या बिल्ल्याची जागा ह्या बिल्ल्याने घेतली. दवाखान्यातले एक्स-रेवाले, कर्करोगाच्या इस्पितळातले तंत्रज्ञ, कारखान्यात वेल्डिंगचे सांधे तपासणारे रेडिओग्राफर, सर्वांच्या छातीवर तो असतो किंवा असायला हवा. वाचनयंत्रात चकतीवर सुमारे तीनशे अंशांचा तापलेला नायट्रोजन सोडतात, समोर ती फोटोमल्टिप्लायर नळी असते, आणि थोड्याच वेळात प्रकाशाची रेघ चढते आणि उतरते. त्या रेघेखालचे क्षेत्रफळ म्हणजे त्या माणसाने खाल्लेले किरण.

इथे एक बारीक गोष्ट आहे, तिच्याकडे लक्ष द्यावे. वाचन झाले की खड्डे रिकामे होतात. चकती जवळजवळ कोरी होते आणि पुन्हा वापरायला निघते. म्हणजे साक्षीदार एकदाच बोलतो. त्यानंतर त्याची साक्ष फक्त कागदावर उरते. ॲल्युमिनियम ऑक्साइडचे दुसरे एक प्रकारचे बिल्ले आहेत, ते प्रकाशाने वाचतात आणि पुन्हा पुन्हा वाचता येतात. पण आपल्या बिल्ल्याचा कागद कोणाच्या फायलीत लागतो हा प्रश्न मी म्हणूनच प्रत्येक सभेत विचारतो. २००४ सालच्या किरण-संरक्षणाच्या नियमांत असे स्पष्ट लिहिले गेले की मालकाने कामगाराला त्याच्या मात्रेची नोंद दरवर्षी, तो मागेल तेव्हा, आणि नोकरी सुटताना द्यावी. मी ज्या कंत्राटी कामगारांना हे वाचून दाखवले त्यांतल्या एकालाही ते आधी कोणी सांगितले नव्हते.

आणि ज्याच्याजवळ बिल्लाच नाही त्याचे काय? २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगारबाजारात विद्यापीठाचे १९८५ पासून पडून असलेले कोबाल्टचे यंत्र लिलावात आले. भंगारवाल्यांनी ते कापले. चकाकणारा धातू हातांत घेतला, खिशात ठेवला. एक कामगार मेला, इतर कित्येक इस्पितळात गेले. मोजणारी यंत्रे त्या गल्लीत आली ती माणसे आजारी पडल्यावर.

आमच्या संघटनेकडे काही वर्षांपूर्वी एका ठेकेदाराची माणसे आली. टाक्यांच्या सांध्यांची रेडिओग्राफी, इरिडियमचा कॅमेरा, काम रात्रीचे. बिल्ले होते, पण ते ऑफिसच्या लोखंडी कपाटात. वाचन वाढले तर माणूस कामावरून काढावा लागतो, नवा शिकलेला माणूस लवकर मिळत नाही, म्हणून मुकादम संध्याकाळी बिल्ले काढून घेत असे. मुलांचीही त्याला फारशी हरकत नव्हती, कारण कामावरून काढले की रोज बुडतो. वर्षभराचे कागद आम्ही मागवून घेतले. रात्र रात्र कॅमेऱ्याजवळ उभ्या राहणाऱ्या माणसांचे आकडे आणि तुलनेसाठी मुद्दाम ऑफिसात ठेवतात त्या कोऱ्या बिल्ल्याचा आकडा, दोन्ही सारखेच! उपकरण खोटे बोलत नव्हते. कपाटात किती किरण होते ते त्याने अचूक सांगितले होते. तो कागद पुढे ठेवून आम्ही दोन गोष्टी मागितल्या. मर्यादा गाठलेल्या माणसाला पूर्ण रोजाने दुसरे काम मिळावे, ही पहिली. तिला सात महिने लागले. दुसरी लगेच मान्य झाली, कारण तिला पैसे पडत नव्हते. तिथल्या मस्टरवर आता नाव, वेळ आणि सही ह्यांच्या पुढे एक चौथा रकाना आहे. कॅमेरा उघडण्यापूर्वी प्रत्येकजण आपल्या छातीवरच्या बिल्ल्याचा क्रमांक वाचून तो स्वतःच्या हाताने त्या रकान्यात लिहितो.